खोट्या लढाईतले खरे धडे

नोकरीच्या निमित्ताने पेनसिल्व्हेनियात आलो आणि अमेरिकी यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करणाऱ्या एका हौशी पलटणीत दाखल झालो. निळा लोकरी कोट घातलेला मराठी माणूस म्हटल्यावर लोक वळून बघतातच. इतकी वर्षं तो कोट वागवून जे कळलं, ते असं.

१. या छंदाची सुरुवात खुद्द लढलेल्यांनी केली. १९१३ साली गेटिसबर्गच्या लढाईच्या पन्नासाव्या वर्षी ५० हजारांवर वृद्ध सैनिक जमले. त्या लढाईत दक्षिणेच्या पिकेट या सेनानीने केलेल्या हल्ल्यातले म्हातारे त्याच दगडी भिंतीपर्यंत पुन्हा चालत गेले आणि पलीकडच्या उत्तरेच्या म्हाताऱ्यांशी हात मिळवून आले. गुलामगिरीचा विषय मात्र सोयीस्करपणे बाजूला राहिला.

२. १९६१ साली, युद्धाच्या शताब्दीत, मनॅससच्या रणभूमीवर भर जुलैत मोठी लढाई उभी केली आणि छंदाने बाळसं धरलं. उन्हाने माणसं आडवी झाली, टीकाही भरपूर झाली. आता राष्ट्रीय उद्यान खात्याच्या रणभूमीवर समोरासमोर गोळीबाराला बंदी आहे. म्हणून आम्ही खासगी शेतात लढतो.

३. बंदुकीत गोळी नसते, तरी ती खेळणं नव्हे. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची. ठासणीचा गज मात्र लढाईत बाहेर काढायचा नाही. घाईत नळीतच राहिला तर तोच सुटून कुणाच्या तरी छातीत घुसेल. नेम समोरच्याच्या डोक्यावरून, कारण नुसत्या भडक्यानेही जवळचा माणूस भाजतो. फाडताना दारूची खारट कणी जिभेवर येते आणि घशाला कोरड पडते. सैनिक पाण्यासाठी का तडफडायचे, हे मला पुस्तकापेक्षा त्या कणीने सांगितलं.

४. मरायला सगळे तयार असतात, पण सावलीत.

५. खरे सैनिक सरासरी पंचविशीचे होते. आमच्यात पन्नाशीचेच जास्त. ‘ग्लोरी’ (१९८९) आणि ‘गेटिसबर्ग’ (१९९३) या चित्रपटांत हौशी सैनिकच वापरले होते, ते पाहून तरुण आले; आता तेच आजोबा झालेत.

६. दक्षिणेचा करडा कोट घालणारा मित्र हमखास म्हणतो, युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं. पण दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने १८६१ च्या फुटून निघण्याच्या जाहीरनाम्यात आपली बाजू गुलामगिरीशीच बांधलेली आहे, असं स्वतःच लिहून ठेवलंय. तुम्ही असा सोहळा बघायला आलात तर फोटो काढाच, पण करड्या कोटाला हा जाहीरनामा वाचलाय का, तेही विचारा.