शिकारी कुत्रा आणि शहरातील घर

कुत्रा पाळण्याची इच्छा झाली म्हणजे मनुष्य प्रथम त्याचे रूप पाहतो. परंतु कुत्र्याचा स्वभाव रूपावरून ठरत नाही; त्याच्या पूर्वजांकडून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कोणते काम करून घेतले, यावरून तो पुष्कळसा ठरतो. लॅब्रडॉर, पॉइंटर, सेटर, स्पॅनियल यांपैकी एखादा कुत्रा घरी आणण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी घेणे अवश्य आहे.

कामासाठी घडलेला प्राणी

या जातींची पैदास बंदुकीच्या शिकारीसाठी करण्यात आली. पॉइंटर वासावरून पक्ष्याचा ठाव काढतो व त्या दिशेस नाक रोखून निश्चल उभा राहतो. सेटर तसाच शोध घेऊन दबून बसतो. स्पॅनियल झुडपांत शिरून पक्षी उठवितो, तर लॅब्रडॉर खाली पडलेला पक्षी पाण्यातूनही अलगद तोंडात धरून आणतो. हे काम तासन्‌तास चाले. म्हणून ज्यांचा दम टिकला आणि ज्यांचे लक्ष धन्याच्या इशाऱ्याकडे राहिले, त्यांचीच संतती वाढविण्यात आली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हौसेच्या शिकारीचा काळ मागे पडला. कुत्र्याचे काम गेले. परंतु त्याच्या अंगातील ओढ गेली नाही. बंद खोलीत तीच ओढ दार खरवडणे, चपला कुरतडणे, सतत भुंकणे या रूपाने प्रकट होते. लोक तिला खोडसाळपणा म्हणतात. वस्तुतः ती बहुधा रिकामपणाची व्यथा असते.

दिल्लीतील एक उदाहरण

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला तेथील जुन्या महाराष्ट्र सदनामुळे परिचित आहे. नोकरीनिमित्त या परिसरात राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. घर दोन खोल्यांचे. पतिपत्नी सकाळी नऊला बाहेर पडून सायंकाळी सातला परततात. मुले शाळेत जातात. घरी वृद्ध आजोबा असतात. मुलांना लॅब्रडॉरचे पिल्लू हवे आहे. या कुटुंबाने काय करावे?

पहिला प्रश्न वेळेचा. ब्रिटनमधील केनेल क्लबच्या मते प्रौढ लॅब्रडॉरला रोज दोन तासांहून अधिक व्यायाम हवा. हा क्रम दहा-बारा वर्षे चालवावयाचा असतो. आजोबांवर हे काम सोपविणे सोयीचे वाटेल. परंतु तीस किलो वजनाच्या तरुण कुत्र्याने साखळीस हिसका दिला तर वृद्ध माणूस पडू शकतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. माणसाप्रमाणे कुत्र्याच्या सर्वांगास घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. मे-जून महिन्यांत दिल्लीचा पारा वारंवार ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत फिरणे पहाटे अथवा रात्री उशिराच झाले पाहिजे. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे पायही तेथे भाजतील. धाप थांबेनाशी झाली आणि पाय लटपटू लागले, तर त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे व पशुवैद्याकडे न्यावे.

तिसरा प्रश्न आहाराचा. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, सुमारे एकचतुर्थांश लॅब्रडॉरांमध्ये एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो व त्यामुळे त्यांची भूक वाढते. असा कुत्रा ताटाजवळ येऊन आर्जवे करतो. घरातील प्रत्येकजण पोळीचा तुकडा टाकतो. आणि व्यायाम नसल्यास लठ्ठपणा व सांध्यांचे विकार मागे लागतात.

चौथी गोष्ट कायद्याची. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध ठरतो.

निर्णयाची कसोटी

अनेकांना मुधोळ कुत्रा हा पर्याय सुचतो. त्याचे अंग सडपातळ व केस आखूड असल्यामुळे तो ऊन अधिक सोसतो, हे खरे. परंतु तोही शिकारीच आहे. पळते जनावर दिसताच तो वेगाने झेपावतो. त्याला कुंपण घातलेले मोकळे मैदान लागते.

वरील कुटुंबाने एक साधा प्रयोग करावा. पिल्लू आणण्यापूर्वी महिनाभर, शक्य तर उन्हाळ्यात, घरातील एका धडधाकट माणसाने रोज पहाटे एक तास व रात्री एक तास नियमाने चालावे. एकही दिवस चुकला नाही आणि दुपारी कुत्र्याकडे पाहणारे कोणी मिळाले, तर शिकारी जातीचा विचार करण्यास हरकत नाही. क्रम मोडला, तर शांत स्वभावाचा, वयाने मोठा झालेला गावठी कुत्रा स्वीकारणे अधिक शहाणपणाचे होय. मात्र फिरणे व रेबीजची लस त्यालाही चुकत नाही.

घर लहान असणे हा दोष नव्हे. दिवसाकाठी दोन तास देता येत नसतील, तर मोठा बंगलाही अशा कुत्र्याला तुरुंगच ठरतो.