डोक्याचा मार आणि उशिरा येणारी फिट

दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागतो. पेशंट बरा होऊन घरी येतो, कामालाही लागतो. आणि काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, अचानक फिट येते. जखम तर केव्हाच भरली, मग हे आलं कुठून, असं घरच्यांनी विचारणं रास्तच आहे. मधला काळ वरवर शांत असला तरी मेंदूत आत सूज धुमसत असते आणि पेशींमधल्या जोडण्या नव्याने जुळत असतात. त्यातल्या काही भलत्याच ठिकाणी जुळतात.

या उलथापालथीत मायक्रो-आरएनए या चिमुकल्या रेणूंचा हात असतो. ते स्वतः प्रथिन तयार करत नाहीत, जनुकाकडून निघालेला प्रथिनाचा निरोप वाटेतच अडवतात. एकच मायक्रो-आरएनए शेकडो निरोपांवर परिणाम करू शकतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रो-आरएनएच्याच शोधासाठी 2024 चं नोबेल मिळालं.

डब्लिनमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये ‘मिर-134’ हा मायक्रो-आरएनए उंदरांच्या मेंदूत रोखून धरला, तेव्हा पुढच्या फिट्स बऱ्याच कमी झाल्या. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपली आजची औषधं फिट दाबतात, आजार जडण्यापासून थांबवत नाहीत. गंभीर मारानंतर दिलेलं फेनिटॉइनसुद्धा पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी करतं, पुढे उद्भवणारी अपस्माराची व्याधी टाळत नाही.

मात्र मिर-134 रोखणारं औषध अजून पेशंटच्या हाती आलेलं नाही. मारानंतर रक्तातल्या मायक्रो-आरएनएचं प्रमाण बदलतं, हे खरं. पण त्यावरून तुम्हाला पुढे फिट येईल की नाही, हे सांगणारी खात्रीची तपासणी आज नाही. कोणी तशी सुचवली, तर पैसे भरण्याआधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. जागरण आणि दारू टाळा. गाडी केव्हा चालवायची, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरात कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर 108 ला फोन करा.