रांगेतल्या लेकराला विचारलंय कुणी?

यवतमाळ जिल्हा परिषदेची नोकरी. झरी जामणी, मग केळापूर, शेवटी दारव्हा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असा परिपाठ रोज सकाळी घेत आलो. आता निवृत्त आहे. तरुण शिक्षक भेटले की हमखास विचारतात, "सर, एखाद्यानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत तर काय करायचं?" त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहून काढतोय.

१. लेकरू "नाही" म्हणत नाही.

परिपाठ समोरून घेऊ नका, कधीतरी रांगेच्या बाजूला जाऊन उभे राहा. समोरून नुसते जोडलेले हात दिसतात. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पहिलीत आलेली पोरगी आधी शेजारणीकडे बघते, मग थोड्या उशिरानं आपले हात जोडते. ओठ हलतात, पण शब्द येत नाहीत. तिच्या घरी कोलामी बोलतात, आणि ती द्राविडी कुळातली भाषा आहे, मराठीची सख्खी नव्हे. घरचा देव भिमायक. शाळेतली प्रार्थना कोणाची, कशासाठी, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. गुरुजी सांगतात म्हणून ती करते. गुरुजींनी एका पायावर उभं राहायला सांगितलं असतं तरी ती राहिली असती. याला आपण संमती म्हणतो. मोकळीक द्यायची असेल तर लेकरानं मागायच्या आधी, सगळ्यांसमोर, गुरुजींनीच द्यावी लागते. मागायला कुणीही येत नाही.

२. चिठ्ठी कुणाकडून मागायची, हे आपण उलटं धरलंय.

शाळेच्या कपाटात संविधानाची प्रत असते. तिच्यातलं कलम २८ एकदा सावकाश वाचा. पहिलं पोटकलम सांगतं की, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. म्हणजे आपली जिल्हा परिषद शाळा आली, सरकारी आश्रमशाळाही आली. तिसरं पोटकलम सरकारमान्य आणि अनुदानित संस्थांनाही बांधतं: तिथल्या कुणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची. आपल्याकडे पद्धत काय? ज्याला सूट हवी त्यानं अर्ज करावा. संविधान म्हणतं, ज्याला सहभागी करून घ्यायचं त्याची संमती घ्या. हे वाचून दाखवलं की स्टाफरूममध्ये दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "पण प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण थोडंच?" प्रश्न रास्त आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेवर जबलपूरच्या एका वकिलांनी नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या पीठापुढे जावा असं म्हटलं. न्यायमूर्तींना जे सोपं वाटलं नाही ते आपण घंटा वाजायच्या आत निकालात काढतो.

३. बापाशी वाद घालू नका, ऐकून घ्या.

शारदोत्सवाच्या दिवशी एक पालक शाळेत आले. आवाज चढलेला नव्हता. "गुरुजी, आमच्या पोराले सरस्वतीपुढं हात जोडाले नका लावू. माह्या आज्यानं छप्पन साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत." १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या प्रतिज्ञा विदर्भात घराघरांत पाठ आहेत. कोणत्या देवांना देव मानणार नाही आणि पुजणार नाही, हे त्यात नावानिशी आहे. एका सहकाऱ्यानं मागाहून टोमणा मारला, "पणजोबाची प्रतिज्ञा पोराची कशी होईल?" नाहीच होत. पण मग माझी प्रार्थना तरी त्या पोराची कशी होते? दीक्षाभूमीवर जी गेली ती मोठी माणसं होती, आपल्या पायांनी गेली, आणि बाबासाहेबांनी अगोदरच्या कित्येक वर्षांत त्यांना कारणं सांगितली होती. प्रतिज्ञा घ्यायची तर ती अशी घ्यावी. आमच्या रांगेत यातलं काहीच नसतं.

४. साळवे सरांचं नाव तरी ठाऊक असू द्या.

नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक संजय साळवे. धर्मानं बौद्ध. २००७ मध्ये ते प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभे राहिले, पण हात जोडले नाहीत. शाळेनं ती बेशिस्त धरली आणि वरची वेतनश्रेणी अडवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की शिक्षकाला हात जोडायची सक्ती करणं हा मूलभूत हक्काचा भंग आहे. एवढ्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं! आणि हा पगारी, शिकलेला, कोर्टाची पायरी चढू शकणारा माणूस. तिसरीतल्या पोरानं काय करावं?

पोरांची गोष्टही घडलेली आहे, केरळात. बिजो, बिनू मोल आणि बिंदू इमॅन्युएल ही तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी. घर यहोवाच्या साक्षीदारांचं. राष्ट्रगीताला ती अदबीनं उभी राहत, गात मात्र नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी साधा प्रश्न विचारला की गायलंच पाहिजे असं सांगणारा कायदा कुठे आहे. नव्हताच. होतं ते खात्याचं परिपत्रक. तेव्हा परिपत्रक आलं की आधी ते कोणत्या कायद्याखाली निघालंय ते बघायची सवय लावून घ्या. राष्ट्रगीताला उभं राहणं मात्र मी नेहमीच आग्रहानं सांगत आलो. अदब आणि आराधना या निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या तीन लेकरांना तो फरक त्यांना शाळेतून काढणाऱ्यांपेक्षा नीट कळला होता.

५. प्रतिज्ञा आणि प्रार्थना एका माळेत ओवू नका.

पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली आपली प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. तिच्यात कुठल्या देवाचं नाव नाही. प्रतिज्ञेला अडलेलं मूल माझ्या शाळेत आलं नाही, आलं असतं तर उभं राहू दिलं असतं. गंमत हाताची आहे. अमेरिकेतली पोरंही पूर्वी झेंड्यासमोर आपल्यासारखाच हात पुढे धरून शपथ म्हणत. तो हिटलरच्या सलामीसारखा दिसायला लागला म्हणून १९४२ मध्ये कायद्यानं हात छातीवर आणला. आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेतल्या झेंडावंदनाची सक्तीच उडवून लावली. १९४३ साल, ऐन महायुद्ध. देशभक्तीला सर्वांत जास्त भाव होता तेव्हा!

६. हा वाद आजकालचा नाही.

"पूर्वी कुणी असं बोलत नव्हतं," हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. वऱ्हाड मध्य प्रांतात होता तेव्हाची गोष्ट घ्या. १९३७ च्या काँग्रेस सरकारात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली. गावोगाव शाळा निघाव्यात हा हेतू चांगलाच होता, पण "मंदिर" या नावावर मुसलमानांनी हरकत घेतली. त्याच वर्षी वंदे मातरमवरून वाद पेटला, तेव्हा काँग्रेस कार्यसमितीनं पहिली दोनच कडवी म्हणायची असं ठरवलं. मुस्लिम लीगनं या तक्रारींचं पुढे राजकारण केलं, हे खरंच आहे. म्हणून तक्रार खोटी होती असं होत नाही. शाळेच्या अंगणातली अढी लोक जन्मभर विसरत नाहीत, आणि ती वापरणारे बाहेर टपलेलेच असतात.

७. शपथा फार झाल्या.

मतदार दिनाची, एकता दिवसाची, स्वच्छतेची, तंबाखूमुक्तीची. खर्रा खाणार नाही अशी शपथ चौथीची पोरं हात पुढे करून घेतात, फोटो काढून वर पाठवला जातो, आणि फाटकासमोरच्या टपरीवर खर्रा घोटण्याचा आवाज चालूच असतो. आता कायदा बघा. १९६९ चा शपथ कायदा म्हणतो की साक्षीदार बारा वर्षांच्या आतला असेल, खरं बोलावं हे त्याला कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही असं न्यायालयाला वाटलं, तर त्याला शपथ न देताच त्याची साक्ष घेता येते. खुनाच्या खटल्यात जे लेकरू शपथेवाचून चालतं त्याला आम्ही वर्षातून किती वेळा शपथबद्ध करतो!

आणि एकदा हात पुढे करायची सवय लागली की शपथेत काय घालायचं ते दुसरा ठरवतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चांदूर रेल्वेत, फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या पोरींकडून प्रेमविवाह करणार नाही अशी शपथ घेतली गेली. राज्यभर बोभाटा झाला. त्या पोरी आधी बारा-तेरा वर्षं रांगेत उभ्या राहून कॉलेजात आल्या होत्या, हे मात्र कुणी बोललं नाही.

८. बोधकथा थांबवू नका.

मोकळीक म्हणजे सगळे सण-संत शाळेबाहेर, असा अर्थ काही जण काढतात. बुद्ध, सेवालाल महाराज, येशू, पैगंबर, तुकोबा, गोंडांचा बडादेव, सगळं सांगा. धर्मांची ओळख करून देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलंय. ऐकायला कुणाची ना नसते.

९. जूनच्या पालकसभेत विचारून टाका.

दाखल करताना आपण धर्म, जात, आधार, बँक खातं सगळं लिहून घेतो. शेवटच्या शाळेत मी त्या कागदाला खाली हातानं एक ओळ जोडली: माझ्या पाल्यानं प्रार्थनेत सहभागी व्हावं, सही. आणि सभेत सांगितलं, सही नसली तर मूल शांत उभं राहील, त्याचं कारण कुणी विचारणार नाही. रांग मोडली नाही. बहुतेकांनी सह्या केल्या. एका माउलीनं कागद हातात धरून बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "गुर्जी, यिच्यावर सही नाई केली तं पोरीची खिचडी बंद होईन का?" खिचडीचा याच्याशी काही संबंध नाही म्हटल्यावर तिनं ती ओळ तशीच कोरी ठेवून कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि बाकीच्या बायांमध्ये जाऊन बसली.