कोंडलं कुणी, आणि का?

प्रश्न : जॅकलीन हार्पमन यांची 'आय हू हॅव नेव्हर नोन मेन' ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली. चाळीस जणींना तळघरातल्या पिंजऱ्यात का कोंडलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याच वाचनातून काही निसटलं का? आणि त्या बाहेर पडल्या, म्हणजे सुटल्या असं म्हणायचं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : काही निसटलेलं नाही. कारण पुस्तकात नाहीच. मूळ फ्रेंच कादंबरी 1995ची. हार्पमन बेल्जियमच्या, शिवाय मनोविश्लेषक. वडील ज्यू, म्हणून महायुद्धात कुटुंबाला कासाब्लांकाला पळावं लागलं. त्यामुळे पुष्कळ जण या पिंजऱ्यात नाझी छावणी पाहतात. पाहावी, पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. पुढे दुसरी तळघरं सापडतात, त्यांत मेलेले पुरुषही असतात. तिथेही कारण नाही.

सुटकासुद्धा कुणी मिळवलेली नाही. पहारेकरी जेवणाची खिडकी उघडत असताना भोंगा वाजतो, ते पळतात आणि किल्ल्या कुलुपातच राहतात. नशीब, दुसरं काय!

माझ्या मते खरी मोकळीक त्याआधीच सुरू होते. चाबूकवाले पहारेकरी बायकांना एकमेकींना हातही लावू देत नाहीत. घड्याळ नाही, सूर्य नाही. दिवे ते म्हणतील तेव्हा मंद होतात. कथा सांगणारी मुलगी स्वतःच्या छातीचे ठोके मोजू लागते. पिंजऱ्यातलीच एक बाई, अँथिया, तिला हिशेब शिकवते. आणि लक्षात येतं, की इथला 'दिवस' चोवीस तासांचा नाहीच! पहारेकऱ्यांची लबाडी कैद्याने पकडली, तीही पिंजऱ्यात बसून. सगळ्या पुस्तकात मला हीच जागा सर्वांत थरारक वाटते.

बाहेर मात्र फक्त माळरान. पोट भरायचं तेही तळघरांत साठवलेल्या अन्नावर. बाकीच्या जणींना नवरा, मुलं, घर आठवतं, म्हणून त्यांना तो माळही कोंडवाडाच वाटतो. या मुलीला आठवायला काहीच नाही. ती चालत राहते. पण कुणी जवळ घेतलेलं तिला बाहेरही सोसत नाही. चाबकाचा धाक अंगात मुरलेला. तेव्हा सुटल्या का, याचं चाळिसांसाठी एकच उत्तर देता येणार नाही.

कारणं हवीच असतील, तर मार्गारेट ॲटवुड यांची 1985ची 'द हँडमेड्स टेल' वाचा. तिथे राजवट बायकांच्या कपड्यांचे रंगसुद्धा ठरवून देते, आणि प्रत्येक जुलमाला धर्मग्रंथाचा आधारही काढून दाखवते.