हिवाळा, दव आणि उघड्यावरची विमाने

आमचे घर रामवाडीचे. वडील हंगामात मिठागरावर कामाला जातात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांची सायकल रात्री अंगणात असते. पावसाळ्यात ते तिला फारसे जपत नाहीत. थंडी पडली की मात्र रोज सकाळी फडक्याने पुसतात. पाऊस मीठ धुऊन नेतो, दव ते जागवते, असे त्यांचे म्हणणे. मला ती अडाणी समजूत वाटे.

गेल्या डिसेंबरात सहलीत गोव्यातील नौदलाचे विमान संग्रहालय पाहिले. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर ते १९९८ साली सुरू झाले. सी हॉक आणि अलिझे ही विमाने तेथे उघड्यावर उभी आहेत. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून याच जातींची विमाने झेपावली होती. शेजारी सुपर कॉन्स्टेलेशन आहे. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ३७ मीटर. एवढ्या विमानाला छप्पर घालणे सोपे नाही. मग हिवाळा त्यांचे काय करतो, हा प्रश्न घेऊन मी ग्रंथालय गाठले.

थंड देशांत फटींत शिरलेले पाणी गोठते, सुमारे नऊ टक्के फुगते आणि सांधे उसवते. आपल्याकडे बर्फ नाही. येथे शत्रू आहे दव. निरभ्र रात्री धातूचा पत्रा हवेपेक्षाही थंड होतो व त्यावर दव जमते. समुद्रवाऱ्याने आणलेले मीठ आधीच तेथे असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळू लागते. पाऊस निरुपद्रवी नव्हे. पण मुसळधार सरी उघड्या भागावरचे मीठ वाहून तरी नेतात. दवाचे पाणी थोडे. ते खारट थर होऊन तेथेच राहते. विमानाचे ॲल्युमिनियम तांबे मिसळून बळकट केलेले असते, पण त्यामुळेच ते लवकर खराबही होते. पोलादी बोल्टाजवळ तर हा ओला थर विजेच्या घटासारखे काम करतो व ॲल्युमिनियम झिजते. पोटाखाली, जेथे पाऊसही पोचत नाही आणि ऊनही, तेथे धोका अधिक.

शिवाय दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडला, तर ३७ मीटरचे ॲल्युमिनियम सुमारे सव्वा सेंटिमीटर लांबते-आखडते. जुना, कडक झालेला रंग आणि सांध्यांतले लुकण यांना ही रोजची ओढाताण सोसत नाही. पडलेल्या चिरेतून पुन्हा दव आत शिरते.

उपाय साधे आहेत : गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसणे, पोटाखालची निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे, रंगाचे टवके वेळीच बुजवणे, टायरांवरचा भार टेकूंवर घेणे. प्लॅस्टिकने घट्ट झाकणे मात्र वाईट. ओल आतच कोंडते.

हे सारे मी वडिलांना वाचून दाखवले. आपलेच म्हणणे पुस्तकात निघाले याचे त्यांना नवल वाटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “येवढ्या मोठ्या इमानाला रोज सकाळी पुसतो कोण?”

जुन्या वस्तू जपण्याच्या शास्त्राची सुरुवात मला त्याच प्रश्नात दिसते.