सांधा आणि सांगाडा

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळचे तळे आहे. तळ्याजवळच्या मोठ्या उड्डाणपुलापाशी बळ्ळारी रस्ता आणि बाह्य वळणरस्ता एकमेकांना मिळतात. २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून या पुलावरची वर्दळ रात्रीही ओसरत नाही. बस, मालमोटारी आणि विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सी यांच्यामधून वाट काढत असंख्य दुचाकी रोज येथून जातात.

समजा, त्यांपैकी एका जुन्या मोटारसायकलच्या मालकाला गाडी धुताना सीटखालच्या नळीवर केसाएवढी बारीक भेग दिसली. हा तरुण नुकताच वेल्डिंग शिकू लागला आहे. त्याने एक लहान इन्व्हर्टर यंत्र घेतले असून घरच्यासाठी लोखंडी स्टूल आणि कुंड्या ठेवण्याची घडवंचीही बनवली आहे. दोन्ही वस्तू अजून मोडलेल्या नाहीत. मग ही बोटभर भेग त्याने स्वतःच का सांधू नये?

प्रश्न रास्त आहे. हाताने काम केल्यावाचून कोणतीही कारागिरी येत नाही. परंतु स्टूल आणि मोटारसायकलचा सांगाडा यांत एक मोठा फरक आहे. स्टुलाचा सांधा निखळला तर बसणारा जमिनीवर येतो. गाडीचा सांगाडा पुलाच्या उतारावर, मागे मालमोटार असताना तुटला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

सांगाडा म्हणजे केवळ भाग अडकवण्याचा खांब नव्हे. पुढे हँडलचा दांडा ज्या आखूड नळ्यात फिरतो तो नळा आणि मागे चाक धरणाऱ्या दुबेळक्याची खीळ यांचे एकमेकांशी असलेले नाते सांगाडा राखतो. वेल्डिंगच्या वेळी धातू तापून फुगतो आणि निवताना आक्रसतो. हे आकसणे एकाच बाजूला झाले की नळी त्या बाजूला ओढली जाते. डोळ्यांना न जाणवणारा हा बाक पुढे गाडी एका अंगाला ओढू लागली की कळतो. म्हणून जाणते कारागीर सांगाडा आधी पक्क्या साच्यात आवळतात, टाके मारून घेतात आणि थोडे थोडे, आलटूनपालटून काम करतात. घराच्या पडवीत असा साचा बहुधा नसतो.

आता सांध्याकडे वळू. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. विद्युत ठिणगीचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. जाड पट्टीला ही उष्णता सोसते. मोटारसायकलच्या नळीची भिंत मात्र बहुधा दोन-तीन मिलिमीटरच असते. विजेचा प्रवाह जरा वाढला की नळीला भोक पडते. या भीतीने नवशिका प्रवाह कमी ठेवतो. मग वितळलेला धातू नळीत मुरत नाही, नुसता वर साचतो. वरून पाहता सांधा भरदार, अगदी देखणा दिसतो. आत मात्र भेग तशीच राहते. ग्राइंडरने घासून रंग दिला की हा दोष कायमचा झाकला जातो. नवशिक्याच्या कामातील खरा धोका हाच आहे. वाईट दिसणारा सांधा निदान सावध तरी करतो.

सांध्याच्या लगतचा पट्टाही विसरता येत नाही. तेथील धातू वितळलेला नसतो, पण तापून त्याची घडण बदललेली असते. साध्या पोलादात हा बदल फारसा त्रास देत नाही. क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेल्या मजबूत पोलादाच्या नळ्या मात्र तापवून झपाट्याने निवल्या तर त्या जागी कडक आणि ठिसूळ होऊ शकतात. आपल्या गाडीची नळी कोणत्या पोलादाची आहे, हे नवशिक्याला बहुधा ठाऊकच नसते.

एकदा जोडून गाडी चालली, म्हणजे काम पक्के झाले, असेही नाही. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे जर्मनीतील रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी अशा आसांवर दीर्घकाळ प्रयोग केले. एका झटक्यात तुटण्यासाठी जेवढा भार लागतो, त्याहून बराच कमी भार हजारो-लाखो वेळा पडला तरी लोखंड तुटते, हे त्यांनी दाखवून दिले. धातूच्या या थकव्याची भेग बहुधा सांध्याच्या कडेपासून, तेथे राहिलेल्या एखाद्या बारीक खाचेतून सुरू होते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक तिला किंचित पुढे सरकवतो. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी मारलेली फेरी म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला दंड किंवा कैदेचीही तरतूद आहे. तुटलेला भाग पूर्ववत करणे वेगळे आणि सांगाडा कापून लांब-आखूड करणे वेगळे. सांगाड्यावर ठोकलेला चॅसी क्रमांक तर ग्राइंडरच्या आसपासही येता कामा नये.

मग त्या तरुणाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. सामान ठेवण्याचा कॅरिअर, पेटीची चौकट, अवजारांचा घोडा ही कामे त्याने खुशाल करावीत. ती बिघडली तरी जीव जात नाही. हेब्बाळहून पीण्याची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. अशा ठिकाणच्या भंगारातून सांगाड्याच्याच जाडीच्या नळ्यांचे तुकडे आणून त्याने ते जोडावेत, मग सांधा आडवा कापून आत पाहावे. दुसरा तुकडा शेगड्यात धरून हातोड्याने वाकवावा. सांधा तडकला की कोठे चुकले, हे तो तुकडाच दाखवतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. एका महिन्यात हात बसला असे वाटणाऱ्याने हा काळ ध्यानात घ्यावा.

सरावातही डोळ्यांवर योग्य काळ्या काचेचा मुखवटा हवाच. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्यांच्या धुराने ताप येतो. गाडीजवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. रिकामी टाकी निर्धोक असते, हा समज घातक आहे; उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. बॅटरीच्या ताराही सोडवाव्या लागतात, नाहीतर गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळण्याची भीती असते.

भेगेचे काम मात्र साचा आणि अनुभव असलेल्या कारागिराकडेच द्यावे. खर्च कमी करायचा असेल तर गाडी सुटी करणे, रंग खरवडणे, तेल-चिकटा पुसणे ही कष्टाची कामे मालक स्वतः करू शकतो. कारागीर भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडून तिचे पुढे सरकणे थांबवतो, मग ती खोलवर मोकळी करतो आणि त्यानंतरच सांधा भरतो. काम झाल्यावर लाल रंगद्रव लावून, पुसून, वर पांढरी पूड फवारतात. कोठे बारीक भेग उरली असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हे सारे जवळ उभे राहून पाहण्याची परवानगी त्या तरुणाने आधीच मागून घ्यावी. आणि भेग नळीच्या निम्म्याहून अधिक घेराला गेली असेल किंवा हँडलच्या नळ्यापाशी असेल, तर कारागीर दुरुस्तीऐवजी सांगाडाच बदलायला सांगेल. त्या वेळी त्याच्याशी घासाघीस करू नये.