‘बॉम्बे’ : एका नावाचा इंग्रजी संसार

आमच्या गावाचे नाव इंग्रजीत धड लिहिता येत नाही. ढाणकी या तीन अक्षरांपैकी ‘ढ’ आणि ‘ण’ ही दोन इंग्रजीजवळ नाहीतच. मग परका वाचक कधी ‘धनकी’ म्हणतो, कधी ‘डांकी’. यात हसण्यासारखे काही नाही. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयातून माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, कारण एका दाखल्यावर गावाच्या इंग्रजी नावात एक ‘ए’ जादा होता आणि दुसऱ्यावर नव्हता. उमरखेडच्या फेऱ्या झाल्या, प्रतिज्ञापत्र झाले, तोवर मुदत संपली. त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच.

त्याच वर्षी इंग्रजीच्या चाचणीत ‘मुंबई उच्च न्यायालय’ याचे भाषांतर मी ‘मुंबई हायकोर्ट’ असे केले. सरांनी त्यावर लाल वर्तुळ काढले. मी वाद घातला, “सर, नाव तर १९९५ सालीच बदलले!” सर म्हणाले, “शहराचे बदलले, कोर्टाचे नाही.” ते खरे निघाले. १८६२ साली स्थापन झालेले हे न्यायालय इंग्रजीत अजून ‘बॉम्बे हायकोर्ट’च आहे. नाव बदलण्याचे विधेयक २०१६ साली लोकसभेत आले होते, त्याचा कायदा झाला नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा माणूस दाद मागायला नागपूरला जातो, तोसुद्धा ‘बॉम्बे हायकोर्टा’च्या नागपूर खंडपीठासमोरच उभा राहतो!

तेव्हापासून या शब्दाचा नाद लागला. पहिला प्रश्न अर्थाचा. ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत ‘चांगला उपसागर’, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. बंदर उत्तम, तेव्हा अर्थ पटतोही. पण पोर्तुगीज भाषेत मराठीप्रमाणेच विशेषणाला लिंग आहे. उपसागर या अर्थाचा ‘बाईया’ हा शब्द त्या भाषेत स्त्रीलिंगी, आणि ‘बॉम’ हे विशेषण पुल्लिंगी. म्हणजे ‘चांगला नदी’ म्हटल्यासारखे झाले! स्त्रीलिंगी रूप ‘बोआ’ असे होते. यूल आणि बर्नेल या इंग्रज कोशकारांनी १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातच ही व्युत्पत्ती व्याकरणाच्या आधारे नाकारली आहे. तरी ती अद्याप जिवंत आहे. सोपी गोष्ट लोकांना आवडते, दुसरे काय!

पोर्तुगीजांकडे हे बेट १५३४ साली आले. ते त्याला ‘बोंबाईम’ म्हणत. कोळ्यांची मुंबादेवी आणि ‘आई’ मिळून झालेल्या नावाचे परक्या जिभेवर जे झाले ते हे, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. १६६१ च्या विवाहकराराने बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले, १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे. आणि इंग्रजांच्या तोंडी शेवटचा अनुनासिक गळून ‘बॉम्बे’ उरले.

येथे एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. मराठीत या शहराचे नाव कधी बदललेच नाही. आपल्यासाठी ते आधीही मुंबई होते आणि नंतरही मुंबईच. १९९५ साली बदलला तो इंग्रजीचा लिहिण्याचा रिवाज. म्हणून त्या निर्णयाने मराठी वाक्यात काहीच हलले नाही, आणि इंग्रजीत मात्र दोन शब्द शेजारी शेजारी नांदू लागले. विद्यापीठ ‘मुंबई’ झाले, आय. आय. टी. ‘बॉम्बे’च राहिली. एकाच शहरातून निघालेल्या दोन पत्रांच्या माथ्यावर दोन नावे!

शिवाय काही ठिकाणी शब्द शहरापासून सुटाच झाला आहे. इंग्रजीतील ‘बॉम्बे डक’ हे बदक नव्हे, आपला बोंबील. ‘बॉम्बे रक्तगट’ डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत प्रथम नोंदवला. आज ज्याने मुंबई पाहिलीही नाही अशा माणसाच्या रक्तालाही डॉक्टर तेच नाव देतात. तेथे ‘मुंबई’ घातले तर अर्थच कळणार नाही. नाव बदलण्याचा आदेश शहराला लागू होतो, बोंबलाला कोण लागू करणार?

आमच्या घरी आजोबांचे एक जुने प्रमाणपत्र आहे. त्यावर इंग्रजीत जिल्हा ‘येओटमल’ आणि राज्य ‘बॉम्बे’ असे आहे. लहानपणी मला वाटे, आजोबा मुंबईला शिकले असावेत. ते उमरखेडच्या पलीकडे फारसे गेलेच नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पासून महाराष्ट्र स्थापन होईपर्यंत, म्हणजे ३० एप्रिल १९६० पर्यंत, आपला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात होता. तेवढी साडेतीन वर्षे आमची ढाणकीही इंग्रजीत ‘बॉम्बे’मध्येच होती! ‘येओटमल’ हे रूपही आता कागदांतून गेले आहे, आणि त्याच्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

लाल वर्तुळाचा अर्धा गुण काही परत मिळाला नाही. शाळेच्या दाखल्यात मात्र मी दुरुस्ती करून घेतली. यंदाच्या अर्जात गावाचे नाव त्या जादा ‘ए’सह लिहिले. बरोबर कोणते, हा प्रश्न खिडकीवर कोणी विचारला नाही. दोन्ही कागद जुळले एवढेच पाहिले आणि अर्ज ठेवून घेतला.